फावड्याचे मोल कोण देणार?

महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपल्या की नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थी दोन वाटांनी पांगतात. ज्यांच्या घरी दोन वेळच्या भाकरीची चिंता नाही, त्यांच्यासाठी तो सुट्टीचा काळ असतो. संगणकाचा एखादा वर्ग, एखाद्या कंपनीतील उमेदवारी, थोडा प्रवास असे त्यांचे बेत आधीच ठरलेले असतात. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून शिकावयास आलेला विद्यार्थी मात्र वसतिगृहाला कुलूप लागताच मजुरीच्या शोधात निघतो. कोणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत खरड छाटणीला जातो, कोणी शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या इमारतींवर विटा वाहतो. जूनमध्ये भरावयाचे शुल्क आणि वर्षाचा वरखर्च या सहा-आठ आठवड्यांतच त्याला उभा करावयाचा असतो. ‘उन्हाळ्याची सुट्टी’ हा साधा शब्दसुद्धा वर्गनिरपेक्ष नाही, हे आपल्या शिक्षणतज्ज्ञांच्या लक्षात अद्याप यावयाचे आहे.

हे आज सांगण्याचे कारण असे की या सहा-आठ आठवड्यांवर आता शिक्षणव्यवस्थेचाही डोळा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांकांसाठी १२० तास. हे तास कोठे घालवावेत, या प्रश्नाला अनेकांचे एक उत्तर असे की विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात गावोगाव जाऊन माती अडवावी, पाणी जिरवावे, डोंगर राखावेत. भूमिसंरक्षणाची उन्हाळी आंतरवासिता असे त्याचे स्वरूप राहील. कल्पना उत्तम आहे. समाजवादी विचाराच्या कोणाही माणसाने तिचे स्वागतच करावे. परंतु स्वागत करताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे काम फुकट करावयाचे की मजुरी घेऊन? ते कोणाच्या आज्ञेने करावयाचे? आणि ज्या भूमीची राखण करावयाची ती कोणाची? या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली तर हीच उत्तम कल्पना गरीब विद्यार्थ्याला शिक्षा आणि गरीब मजुराला उपासमार ठरू शकते.

गाळ कोणाचा, पाणी कोणाचे?

नाशिक जिल्ह्यात या कामाची निकड किती आहे, याचे माप गंगापूर धरणात पडलेले आहे. गोदावरीवरचे हे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले आणि नाशिक शहराची तहान मुख्यतः तेच भागवते. त्याची मूळ साठवणक्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचल्यामुळे आता ती ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. पाचव्या हिश्श्याहून अधिक धरण गाळाने गिळले, असा याचा अर्थ. हा गाळ आकाशातून पडलेला नाही. त्र्यंबकच्या डोंगरउतारांवरची, नागली-वरईच्या वरकस जमिनीवरची ती माती आहे. ज्या कुटुंबाचे पोट दीड-दोन एकर उतारावर अवलंबून आहे, त्याच्या शेतातून दर पावसाळ्यात एक थर निघून जातो आणि शहराच्या पिण्याच्या पाण्यात जाऊन बसतो. शेतकरी माती गमावतो, शहर पाणी गमावते. दोघांचे नुकसान एकच आहे; फरक एवढाच की शहराला दुसऱ्या धरणातून नळ जोडून मिळतो, शेतकऱ्याला दुसरी माती मिळत नाही.

जिल्ह्याचा निसर्गही विषम आहे. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिन्नर-येवल्याच्या पर्जन्यछायेत तो ५०० च्या घरात राहतो. सिन्नर-येवल्याला टंचाई पडावी, हे समजू शकते. परंतु जेथे पावसाळ्यात डोळ्यांपुढचे दिसत नाही त्या त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरही एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या दरीत उतरून झऱ्यातून वाटी-वाटीने हंडा भरतात. पाऊस पडतो, पण थांबत नाही. कारण त्याला थांबविणारी झाडी, मुरविणारी माती आणि अडविणारा बांध या तिन्ही गोष्टी खंगल्या आहेत.

यात केवळ निसर्गाचा दोष नाही. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या खोदकामाविरुद्ध नाशिककरांना आवाज उठवावा लागला. अंजनेरीच्या डोंगरावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात उगवते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. त्याच डोंगरावर गाडीरस्ता नेण्याचा बेत पुढे आला आणि त्यालाही विरोध करावा लागला. २०२५ च्या नोव्हेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे १,८०० झाडांवर कुऱ्हाड चालविण्याचा प्रस्ताव महापालिकेकडून आला, तेव्हा शहरातील तरुण मोठ्या संख्येने पुढे झाले. तेव्हा नाशिकच्या तरुणाला भूमीविषयी आस्था नाही, असे कोणी म्हणू नये. आस्था आहे. तिला वर्षभर टिकणारे काम मात्र मिळालेले नाही.

श्रमदानाची परंपरा आणि तिची मर्यादा

विद्यार्थ्याच्या हाती फावडे देण्याची कल्पना समाजवादी चळवळीला नवी नाही. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्यांपुढे फावडे, मत आणि तुरुंग ही त्रिसूत्री ठेवली होती. पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी तरुणांची भूसेना उभारावी, असा त्यांचा आग्रह होता. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने, आणि १९५० मध्ये साने गुरुजी गेल्यानंतर त्यांच्या नावाने निघालेल्या सेवापथकाने, महाराष्ट्रातील कितीतरी गावांत श्रमदानाची शिबिरे भरविली. पांढरपेशा घरातील मुलगा प्रथमच घमेले उचलत होता, गावच्या पंगतीत सर्व जातींच्या माणसांबरोबर जेवत होता. त्या शिबिरांनी किती घनफूट माती उपसली, याचा हिशेब दुय्यम होय. त्यांनी किती जणांच्या मनातील जातीचा आणि श्रमाच्या तुच्छतेचा गाळ उपसला, तो खरा हिशेब. नाशिकला तर या परंपरेशी आणखी एक नाते आहे. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्याच तुरुंगात, तेथे बंदिवासात असलेल्या तरुणांच्या चर्चांतून आकाराला आली.

पुढे सरकारनेही हा धागा उचलला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजकार्य करावे, अशी अपेक्षा असते. आजच्या चार श्रेयांकांचे तासही तितकेच आहेत, हा योगायोग बोलका आहे. पन्नासहून अधिक वर्षे आपण विद्यार्थ्याकडून १२० तास मागत आलो आहोत. त्या तासांतून भूमीला काय मिळाले, हे मात्र कोणी मोजले नाही. सात दिवसांचे शिबिर होते, बांध घातला जातो, समारोपाला पाहुणे येतात, छायाचित्र निघते. पुढच्या पावसात बांधाची सांड फुटली तर ती पाहावयास कोणी येत नाही, कारण पुढच्या वर्षीचे शिबिर दुसऱ्या गावाला असते.

या मर्यादेच्याही पलीकडे एक गंभीर गोष्ट आहे आणि तिच्याकडे डावे म्हणविणारेही डोळेझाक करतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेली रोजगार हमी योजना हा महाराष्ट्राच्या श्रमिकांनी मिळविलेला हक्क होता. १९७७ च्या कायद्याने, २६ जानेवारी १९७९ पासून, त्याला वैधानिक आधार मिळाला. माती अडविण्याचे, नाला बांधण्याचे, पाझर तलाव खोदण्याचे काम म्हणजे दया नव्हे, ते मजुरीचे काम आहे, हे या कायद्याने प्रस्थापित केले. आता विचार करा. ज्या गावात मे महिन्यात मजूर काम मागत बसले आहेत, त्याच गावात शहरातून आलेल्या शंभर विद्यार्थ्यांनी बांध फुकट घालून दिला, तर सेवा कोणाची झाली? बांध झाला, पण तितक्या दिवसांची मजुरी गावातून गेली. श्रीमंताच्या मुलाचे पुण्य आणि गरिबाच्या बापाची रिकामी चूल, असा हा सौदा होय. श्रमदान ही श्रमाची प्रतिष्ठा वाढविणारी गोष्ट आहे, परंतु जेथे श्रम हेच कोणाचे तरी एकमेव भांडवल आहे, तेथे फुकट श्रम त्या भांडवलाचा भाव पाडतात.

ही भीती काल्पनिक नाही. रोजगाराच्या हक्काचीच वाट अरुंद होत चालली आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ च्या डिसेंबरात मंजूर केला आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला. अशा वेळी तिजोरीवर नजर ठेवणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याला विद्यार्थ्यांचे विनामूल्य हात ही आयतीच सोय वाटली, तर नवल नाही.

मजुरी हाच पहिला धडा

म्हणून पहिला आग्रह असा की भूमिसंरक्षणासाठी उन्हाळ्यात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला रोज मिळाला पाहिजे, आणि तो गावच्या मजुराला मिळणाऱ्या रोजाइतकाच असला पाहिजे. त्याहून कमी नको आणि जास्तही नको. कमी असेल तर गरीब विद्यार्थी येऊ शकणार नाही आणि आंतरवासिता ही सुखवस्तू मुलांची हौस होऊन बसेल. जास्त असेल तर फावड्यालाही पदवी पाहून भाव मिळतो, हा चुकीचा धडा गावाला व विद्यार्थ्याला एकाच वेळी मिळेल.

पैसे दिले की सेवाभाव मरतो, अशी शंका काही वडीलधारे घेतील. त्यांनी अमेरिकेचा एक दाखला पाहावा. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात, महामंदीच्या तडाख्यात, रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ मध्ये बेकार तरुणांचे नागरी संवर्धन दल उभारले. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यात राबले. त्यांनी झाडे लावली, धूप थांबविली, वने सावरली. प्रत्येकाला महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांपैकी २५ डॉलर परस्पर घरी पाठविले जात. त्या दलात कृष्णवर्णीयांना वेगळ्या छावण्यांत ठेवले जाई, स्त्रियांना प्रवेश नव्हता. हे दोष झाकण्याचे कारण नाही. तथापि वेतन दिल्यामुळे कोणाची देशभक्ती आटली, असे तेथे कोणी म्हटले नाही. भूमीची राखण करणाऱ्या तरुणाच्या घरी चूल पेटली पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्या सरकारला कळली होती.

आपल्याकडे तरुणांच्या प्रशिक्षणासाठी पैसा नाही, असेही नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार महिना ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. त्याच वर्षी केंद्राने देशातील पाचशे बड्या कंपन्यांत उमेदवारी करणाऱ्यांसाठी महिना ५,००० रुपयांची योजना जाहीर केली. कंपनीत फाइली लावणाऱ्या तरुणाला सरकार पैसे देते; डोंगरावर माती अडविणाऱ्याला मात्र श्रेयांक आणि प्रमाणपत्र. आमच्या राज्यकर्त्यांच्या लेखी काम कशाला म्हणतात, हे यावरून कळून यावे.

हिशेब फार मोठा नाही. महाराष्ट्रात केंद्रीय रोजगार हमीचा दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. सहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ३६ दिवसांचे एका विद्यार्थ्याचे ११,२३२ रुपये होतात. जिल्ह्यातून ५०० विद्यार्थी निवडले तर ५६ लाख १६ हजार रुपये. हा पैसा कोठून आणावा, याचे उत्तरही महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यावा आणि तो ग्रामीण रोजगारावर खर्चावा, हे रोजगार हमीचे आर्थिक सूत्र होते. १९७५ च्या कायद्याने बसविलेला हा कर आजही पगारातून कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. वरची रक्कम म्हणजे कमाल दराने कर भरणाऱ्या सुमारे २,२५० नाशिककर पगारदारांचा एका वर्षाचा व्यवसाय कर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत व कचेऱ्यांत असे किती पगारदार आहेत, याचा अंदाज वाचकांनीच करावा. गंगापूरचे पाणी पिणाऱ्या शहराने त्र्यंबकच्या मातीसाठी एवढे देणे हा उपकार नव्हे, ती जुनी थकबाकी आहे.

काम कोणते आणि आज्ञा कोणाची?

दुसरा प्रश्न कामाचा. विद्यार्थ्याने केवळ खोदू नये. खोदण्यात गावचा मजूर त्याच्याहून दसपट वाकबगार असतो. विद्यार्थ्याने मजुराबरोबर अर्धा दिवस राबावे. श्रमाची ओळख त्याशिवाय होत नाही. उरलेला अर्धा दिवस त्याने त्या कामाला द्यावा, जे आज कोणीच करीत नाही. ते काम म्हणजे मोजणी आणि नोंद.

जलयुक्त शिवार अभियानावर राज्याने सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च केले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात त्याची तपासणी केली, तेव्हा भूजलाची पातळी वाढविण्याचा हेतू अपेक्षेप्रमाणे साध्य झाला नसल्याचे आणि केलेल्या कामांच्या देखभालीकडे दुर्लक्ष झाल्याचे दिसून आले. पोकलेन यंत्राने एका दिवसात नाला खोल करता येतो. पण तो नाला तेथेच खोल करावयास हवा होता काय, विहिरीचे पाणी किती हातांनी वाढले, दुसऱ्या वर्षी गाळ किती आला, हे यंत्र सांगत नाही. ठेकेदार तर मुळीच सांगत नाही. त्याचे बिल निघाले की त्याचा भूगोल संपतो.

हे सर्व विद्यार्थी करू शकतो. लाकडाची ए-फ्रेम आणि ओळंबा घेऊन उतारावर समपातळीची रेषा आखणे हे दोन दिवसांत शिकता येते. सलग समतल चर चुकीच्या रेषेवर खोदला तर तो पाणी अडविण्याऐवजी ओहोळ तयार करतो, हेही त्यासरशी कळते. जुन्या अनगड दगडी बांधांची आणि माती नाला बांधांची पाहणी करून कोठली सांड फुटली, कोठे डागडुजी हवी, याची यादी करता येते. पाड्यावरच्या प्रत्येक विहिरीची व झऱ्याची पातळी एकाच दिवशी मोजून ठेवता येते. कोणत्या खाचराची ताल गेल्या पावसात वाहून गेली, राब भाजण्यासाठी पालापाचोळा किती दुरून आणावा लागतो, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहिता येते. हे सारे मराठीत, एका जाड वहीत लिहावे आणि ती वही गावातच राहावी. विद्यापीठाला हवी असेल तर त्याने नक्कल करून न्यावी. आजवर गावांनी संशोधकांना माहिती दिली आणि संशोधकांनी पदव्या मिळविल्या; आता एकदा वही गावाला मिळू द्या.

आज्ञा कोणाची, याचे उत्तर यातूनच निघते. आज्ञा ग्रामसभेची. ती महाविद्यालयाच्या समन्वयकाची, एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीची किंवा वनखात्याच्या कनिष्ठ अधिकाऱ्याची असू नये. सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके आणि लगतच्या तालुक्यांचे काही भाग पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी अधिकार दिले आहेत. विद्यार्थी आले की त्यांनी प्रथम ग्रामसभेपुढे बसावे, काम विचारून घ्यावे आणि जाताना त्याच सभेत हिशेब सांगावा. त्यांच्या श्रेयांकांच्या कागदावर प्राध्यापकाच्या सहीआधी ग्रामसभेची मोहोर असावी.

यासाठी आदर्श शोधत दूर जाण्याची गरज नाही. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात, कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले. तेथे घडलेला पालट घोषणांनी घडला नाही. पाणी मोजून घेणे, मोजून देणे आणि हिशेब सर्वांपुढे मांडणे या रूक्ष शिस्तीने घडला. नाशिकच्या विद्यार्थ्यांनी डोंगरावर जाण्यापूर्वी चार दिवस वाघाडला घालवावेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचाही धडा घेण्यासारखा आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या त्या गावाने बाहेरच्यांना आपल्या अभ्यासगटात बसू दिले, चर्चा करू दिली. निर्णय मात्र ग्रामसभेने स्वतःच्या हाती ठेवला. बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या माणसाची गावातली नेमकी जागा तीच आहे.

राखणदार की धनी?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत टाळला जाणारा आहे. भूमीची राखण करा, तिचे विश्वस्त व्हा, असा उपदेश आपण कोणाला करीत आहोत? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत बहुसंख्य आदिवासी होते. त्यांच्या तळपायांचे फोड उभ्या देशाने पाहिले. त्यांची एक प्रमुख मागणी, २००६ च्या वनाधिकार कायद्याप्रमाणे कसत असलेली जमीन नावावर करून द्या, ही होती. ज्याला उद्या वनखाते हुसकावून लावील की काय, याची धास्ती आहे, त्याने उतारावर दगडी बांध घालून दहा वर्षांनी येणाऱ्या फळाची वाट पाहावी, ही अपेक्षा न्याय्य नाही आणि व्यवहार्यही नाही. जमीन दुसऱ्याची आणि राखण आपली, हे गुराख्याचे व रखवालदाराचे जिणे त्याने पिढ्यान्‌पिढ्या काढले आहे. त्यालाच आता पर्यावरणाच्या नावाने नवे रूप देऊ नये.

त्याच कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्मिती व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. हक्क आणि राखण यांची सांगड तेथे कायद्यानेच घातलेली आहे. उन्हाळ्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याने नकाशे, सीमा, वापराच्या खुणा, वडीलधाऱ्यांच्या जबान्या यांची कागदपत्रे तयार करण्यास ग्रामसभेला मदत करावी. एक पक्का दावा दाखल होणे हे भूमिसंरक्षणाचेच काम होय आणि कदाचित शंभर मीटर चरापेक्षा ते अधिक टिकाऊ आहे.

यावर कोणी म्हणेल, हे राजकारण झाले. विद्यार्थ्याने झाडे लावावीत. झाडे जरूर लावावीत. पण २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला आणि पुढे त्याच लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची वेळ आली, हे विसरू नये. ज्या झाडाला धनी नाही ते झाड पहिल्या उन्हाळ्यात वाळते. गाव धनी असेल तर ते जगते. १९७४ पासून विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात चालविलेल्या पाणी पंचायतीने भूमिहीनालाही पाण्यात वाटा दिला, कारण ज्याला वाटा नाही तो राखणही करणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

येत्या उन्हाळ्यापूर्वी

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. निवडीत पहिला हक्क त्याच तालुक्यांतील आदिवासी व भूमिहीन घरांतील मुलामुलींचा असावा. बाहेरचा विद्यार्थी पाहुणा आहे, गावचा विद्यार्थी वारस आहे. मे महिन्यात शासकीय आश्रमशाळांच्या इमारती रिकाम्या असतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्याने त्या इमारती व स्वयंपाकघरे उघडून द्यावीत. मुलींच्या निवासाची नीट व्यवस्था झाल्याशिवाय एकही शिबिर सुरू होऊ नये. ज्या पाड्यावर हंडाभर पाण्यासाठी रांग लागते तेथे पाहुण्यांच्या पाण्याची तजवीज बाहेरून व्हावी. विद्यापीठाने परीक्षांचे वेळापत्रक असे आखावे की मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ मोकळा राहील; घाटमाथ्यावर पाऊस विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहत नाही. एकच गाव निदान पाच वर्षे धरून ठेवावे. आणि रोजाची रक्कम जिल्हा नियोजन समितीने आपल्या आराखड्यात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी.

या मागण्या कोणी आपण होऊन मान्य करील, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. रोजगार हमीसुद्धा मोर्चे काढून, धरणी धरून मिळवावी लागली. जिल्ह्यातील विद्यार्थी संघटना आणि श्रमिकांच्या संघटना आजवर वेगवेगळ्या मंडपांत बसत आल्या. हा प्रश्न असा आहे की त्यासाठी दोघांना एका मंडपात बसावे लागेल, कारण विद्यार्थ्याचा रोज आणि मजुराचा रोज येथे एकाच दराने बांधलेला आहे. जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीपूर्वी त्यांनी एकत्र निवेदन द्यावे आणि निवेदनाला उत्तर आले नाही तर एकत्रच जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसावे. लोहियांच्या त्रिसूत्रीत फावड्याबरोबर मत आणि तुरुंगही होते. नुसते फावडे ते कोणाच्या हाती देत नव्हते.